सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे



आपल्या महाराष्ट्रात एक मतदान असे होते, ज्यात उमेदवार नसतो, पक्ष नसतो आणि झेंडाही नसतो. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. एक उभी, एक आडवी. दारूचे परवान्याचे दुकान गावात राहू द्यायचे असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद करायचे असेल तर आडव्या बाटलीवर. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, की सह्यांची पडताळणी होते, गुप्त मतदान होते, आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी बाटली आडवी केली, की दुकानाला कुलूप लागते. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्याहून जास्त. अट कडक आहे. तरीही कितीतरी गावांतल्या बायांनी ती पुरी करून दाखवली आहे.

मला या मतदानाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. आणि कौतुकाबरोबर एक प्रश्नही पडत आला आहे. दहा बाय बाराच्या दुकानाचे शटर उघडे ठेवायचे की खाली ओढायचे, हे गावाला विचारले जाते. मग गावाची शंभर-दोनशे एकर भातशेती आणि मोकळे रान जाऊन तिथे वसाहत उभी राहणार असेल, तर तेवढीच साधी दोन चित्रे गावापुढे का ठेवली जात नाहीत? आज तेवढ्यावरच बोलायचे आहे.

मी शहापूरच्या बाजूचा. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन मोठे ग्रामीण तालुके. एकीकडे माहुलीचा डोंगर, दुसरीकडे माळशेजचा घाट. मधे भाताची खाचरे, वरकस जमिनीवर नाचणी-वरई, आणि त्याच्यावर जंगल. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा १८९२ सालचे, म्हणजे आमचे मुंबईशी नाते नळाचे आहे आणि ते सव्वाशे वर्षांहून जुने आहे. धरणाच्या अंगाखांद्यावरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, हे वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येते. ते आता कुणाला बातमीही वाटत नाही.

पाणी आधी गेले, मग जमिनीची पाळी आली. मुंबई-आग्रा महामार्गाने वाशिंद, आसनगाव, आटगाव ओलांडत कसाऱ्याकडे निघालात, किंवा कल्याणहून मुरबाडमार्गे सरळगाव, टोकावड्याकडे वळलात, तर रस्त्याच्या दुतर्फा फलक दिसतात. निसर्गाच्या कुशीत हक्काचे घर. हप्त्याने प्लॉट. स्टेशनपासून इतक्या मिनिटांवर. फलकावरच्या चित्रात हिरवे शेत असते, आणि घर बांधताना सगळ्यात आधी जाते ते तेच.

मी दुसऱ्यांना नावे ठेवायला इथे आलेलो नाही. कारण तशा एका कागदावर माझीही सही आहे.

आमचे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवसाने पुष्कळ कुळांना कसत्या जमिनीचे मालक केले, त्यांतले आमचे आजोबा एक. पुढे वाटण्या होत होत आमच्या घराकडे सव्वा एकर राहिली. २००५ च्या सुमारास घरात एक आजारपण आले, पाठोपाठ धाकट्या बहिणीचे लग्न आले, आणि त्याच आठवड्यात एजंट आला. एजंट नेहमी त्याच आठवड्यात येतो. अब्बांनी अंगठा केला, आम्ही भावांनी सह्या केल्या. भाव बरा मिळाला. बंगल्यांच्या प्लॉटसाठी जमीन जाणार, हे आम्हाला ठाऊक होते.

आता ज्यांनी भातशेती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डोंगरउताराला खाचरे पायऱ्यांसारखी असतात. वरच्या खाचरात पाणी भरले की ते बांधाच्या तोंडाने खालच्या खाचरात उतरते, तिथून त्याच्या खालच्या. वरच्याने किती पाणी धरायचे, कधी सोडायचे, हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. म्हणजे सातबारा माझा वेगळा, शेजाऱ्याचा वेगळा, पण पाऊस सगळ्यांचा एकत्र कुटुंबातला.

आमच्या जमिनीत मुरुमाचा भराव पडला आणि बाजूचा ओहळ बुजला. आमच्या खाली शेजारच्या तात्यांचे खाचर होते. पहिल्या पावसाळ्यात भरावाचे पाणी आणि गाळ एकदम त्यांच्या लावणीवर आला. आणि भाद्रपदात, दाणा भरायच्या वेळेला, वरून उतरणारे पाणी उतरलेच नाही. दोन-तीन वर्षे तात्यांनी झुंज दिली, मग ते शेत पडीक पडले. त्यांनी कुठल्या कागदावर सही केली नव्हती. त्यांना कुणी विचारलेही नव्हते. त्यांचे शेत विकले गेले नव्हते, तरी ते गेले.

आणखी काय गेले? त्या ओहळात खेकडे-मासे धरणारे कातकरी कुटुंब होते. आमच्याकडे लावणी-कापणीला तेच येत. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यामुळे त्यांचे काही गेले असे कुठल्याच दप्तरात नोंदले गेले नाही. गुरे माळावर जायची ती वाट कुंपणात गेली. आमच्या गावात कबरस्तानाला आणि स्मशानाला जाणारी पायवाट शेवटच्या वळणापर्यंत एकच आहे. ती कुंपणाच्या आत आली, तेव्हा हिंदू आणि मुसलमान मिळून अर्ज घेऊन गेलो. वाट मिळाली, पण लांबून.

तात्या एकदा ओटीवर येऊन बसले. चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, तुमची जमीन होती, तुम्ही विकलीत, तुमचा हक्क. पण आम्हाला एका शब्दाने विचारायचं होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पण तात्यांच्या त्या एका वाक्यात मला सगळा प्रश्न दिसतो. जमीन विकणे हा मालकाचा हक्क आहे. पण शेताचे शहर करणे हा फक्त मालकाचा व्यवहार आहे का?

आपल्याकडे विचारण्याची पद्धत अगदीच नाही असे नव्हे. प्रादेशिक नियोजन आणि नगररचनेचा १९६६ चा कायदा आहे. हरित पट्टा बदलून रहिवासी करायचा असेल, तर राजपत्रात सूचना निघते, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची, मग सुनावणी. पण राजपत्र वाचणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. मुदत ऐन लावणीत आली, तर माणूस चिखलातून पाय काढून हरकत द्यायला जाणार कधी? आणि हरकत म्हणजे मत नव्हे. हरकत ऐकून घेतली जाते, मत मोजले जाते. ऐकणे आणि मोजणे यांत फार अंतर आहे.

मग ग्रामसभा आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा दिली. त्याच्या पुढे जाऊन आदिवासी भागांसाठी १९९६ मध्ये पेसा कायदा आला. शहापूर तालुका सगळाच्या सगळा अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडची काही गावे येतात. या कायद्यात म्हटले आहे, की जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी. शब्द नीट ऐका. सल्लामसलत. संमती नव्हे. आपण घरातल्या म्हाताऱ्याशी सल्लामसलत करतो आणि मग आपल्याला हवे तेच करतो, तसे याचे होऊ शकते. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमती हा शब्द आला. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ऐंशी टक्के आणि सरकार-खासगी भागीदारी असेल तर सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल, असेही ठरले. पण ही बाधित कुटुंबे म्हणजे मुख्यतः ज्यांची जमीन जाते ती. आमचे तात्या त्यात नाहीत. ओहळावरचे कातकरी तर नाहीतच. आणि जिथे संपादन न करता थेट खरेदी होते, तिथे घेणारा आणि देणारा असे दोनच पक्ष. गाव तिसरा, म्हणून बाहेर.

समृद्धी महामार्गाच्या वेळी हे आम्ही जवळून पाहिले. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो आमच्या शहापूर तालुक्यातून जातो. २०१६-१७ मध्ये इथे मोठा विरोध होता. नुसता रस्ता नव्हता, रस्त्याच्या कडेने नवनगरे वसवायची कल्पना होती, आणि जमिनीच्या बदल्यात नवनगरात विकसित प्लॉट द्यायचा सुरुवातीचा बेत होता. लोकांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, ठराव केले. मग थेट खरेदी सुरू झाली, पाचपट दर जाहीर झाला, आणि एकेक करून खातेदार सह्या करायला गेले. त्यांना मी कोणत्या तोंडाने बोल लावू? मी स्वतः एकपट दराने सही केलेला माणूस. पण तो विरोध मिटला तो मोजून मिटला नाही. प्रत्येकाला वेगवेगळे गाठून मिटला. गाव म्हणून गावाचे म्हणणे काय होते, हे शेवटपर्यंत कुणी विचारले नाही.

मुरबाडला काळू नदीवरच्या धरणाची गोष्टही अशीच. मुंबईच्या आसपास वाढत चाललेल्या शहरांना पाणी हवे, म्हणून हे धरण. वन कायद्याखालची मंजुरी नसताना २०११ मध्ये काम सुरू झाले. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. ठराव वहीत होते, पण त्यांना दात आले ते कोर्टात गेल्यावर. प्रत्येक गावाने आपल्या ठरावासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही काही रीत नव्हे.

तर मग खरोखरीचे मतदान कधी झालेच नाही का? झाले आहे, आणि लांब नाही, शेजारच्या रायगड जिल्ह्यात झाले आहे. पेण, उरण आणि पनवेल या तालुक्यांतल्या ४५ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे आपण ज्याला सेझ म्हणतो ते, येणार होते. प्रकल्प रिलायन्सचा. पेणच्या गावांना हेटवणे धरणाचे पाणी मिळायचे होते. पाणी येणार त्या जमिनीवर कारखाने आणि शहर कशासाठी, असा तिथल्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी ज्येष्ठ माणसे त्या लढ्यात उभी होती, उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्या होत्या. शेवटी राज्य सरकारने हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घ्यायचे ठरवले. २१ सप्टेंबर २००८, रविवार. जमिनीसाठी सरकारने शेतकऱ्यांसमोर मतपेटी ठेवली, असे आपल्या देशात तोवर घडले नव्हते म्हटले तरी चालेल.

कौल विरोधात गेला आणि फार मोठ्या फरकाने गेला, हे तेव्हाच्या सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिले. पण या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता. सरकारला कौल मानणे बंधनकारक नव्हते. पेट्या भरल्या तशी उत्सुकता भरली, आणि मग अहवाल वर गेला आणि वरच राहिला. पुढे भूसंपादनाची कायदेशीर मुदत टळली आणि ते संपादन बारगळले. म्हणजे शेती वाचली ती कॅलेंडरमुळे, असे कागदावर दिसते. मला मात्र वाटते, त्या रविवारी रांगेत उभे राहिलेल्या माणसांनी कॅलेंडरला वेळ मिळवून दिला.

पेणचे आणखी एक शिकण्यासारखे आहे. तिथे विचारले गेले ते खातेदारांना, सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना. त्या जमिनीवर मजुरी करणारा, खाडीत मासे धरणारा, तो रांगेत नव्हता.

एखाद्या प्रश्नावर लोकांना थेट विचारणे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गोव्याने महाराष्ट्रात यायचे की केंद्रशासित राहायचे, हे १६ जानेवारी १९६७ ला गोव्याच्या मतदारांनी ठरवले. फूल की दोन पाने, एवढाच प्रश्न होता. फुलाची बाजू हरली. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना वाईट वाटले, पण कौल मानला गेला आणि वाद मिटला. मोजलेल्या मताचा हाच गुण असतो. हरलेल्यालाही ते कबूल करावे लागते.

आणि शेताबद्दलचेच असे मतदान जगात कुठे असेल, तर अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात आहे. नापा हा द्राक्षांचा परगणा. तिथे १९९० मध्ये मतदारांनीच ठरवले, की शेतीची म्हणून राखलेली जमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल तर मतदारांना विचारावे लागेल. बांधकामाच्या बाजूचे लोक कोर्टात गेले, पण १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा हा हक्क मान्य केला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या शेजारच्या व्हेंच्युरा परगण्यात ती चळवळ सुरू झाली. १९९८ मध्ये सगळ्या परगण्याने तो नियम केला आणि २०१६ मध्ये मतदान करूनच तो २०५० पर्यंत वाढवला. तिथेही सगळे गोड नाही. जमीन राखली म्हणून घरे महागली, अशी टीका होते आणि ती सोडून देण्यासारखी नाही. शहरात राहणाऱ्यालाही डोक्यावर छप्पर हवेच असते. पण महागाई किती सोसायची आणि शेत किती राखायचे, याचा हिशेब तिथे लोकांसमोर मांडावा लागतो. आपल्याकडे तो फलक लागल्यावर कळतो.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप मीच सांगतो, कारण ते मी आमच्या गावातल्या पारावर ऐकले आहेत.

पहिला आक्षेप, अडलेल्या शेतकऱ्याचे काय? भातशेतीत राम राहिला नाही, मुले कंपनीत कामाला जातात, घरात दुखणे येते. त्याला विकायला गावाची परवानगी लागणार का? माझे उत्तर असे. विकायला नको, बदलायला हवी. शेत शेत म्हणून विकायचे तर त्याने आजच्या कायद्याप्रमाणे खुशाल विकावे. पण शेताचे शहर होणार असेल, तर तो निर्णय गावाचा. यामुळे त्याला भाव कमी मिळेल, हे मला मान्य आहे. मला २००५ मध्ये कमी मिळाला असता, तर बहिणीच्या लग्नाला कर्ज काढावे लागले असते. हे नुकसान खोटे नाही. म्हणून जी गावे शेत राखतील त्यांना सरकारने काही द्यावे, हेही त्या कायद्यात असले पाहिजे. फुकटचा हिरवा रंग शेतकऱ्याच्या खिशातून काढू नये.

दुसरा आक्षेप, मते विकत घेतली जातील. जातीलही. पण आज पाच सह्या विकत घेऊन काम होते. उद्या पाचशे मते विकत घ्यावी लागतील, आणि तीही बाया-माणसांची गुप्त मते. बाटलीच्या मतदानात दुकानदार पैसे वाटत नसतील असे का समजता? तरी बाटल्या आडव्या होतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. ग्रामसभेलाच लोक येत नाहीत, मतदानाला काय येणार? साध्या ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांत जी संख्या कमी असेल ती. तेवढीही भरत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग सात माणसांत ठराव होतो. आमच्या जमिनीवर प्लॉट पडणार होते, त्या वर्षी एका ग्रामसभेत रस्त्याचा विषय होता, असे मला मागून कळले. मी त्या दिवशी कल्याणला कविसंमेलनात होतो. गावाबद्दलचीच कविता वाचत होतो.

म्हणून माझे मागणे लहान आहे. मोठ्या वसाहतीसाठी, नवनगरासाठी, गावाच्या मोकळ्या रानाचा वापर बदलण्यासाठी दोन चित्रांची मतपत्रिका असावी. उभे भात आणि उभी इमारत, हवे तर अशी. मत खातेदारांचे नव्हे, मतदारयादीतल्या प्रत्येकाचे असावे, म्हणजे तात्यांचे, कातकऱ्यांचे आणि घरातल्या बायांचेही. मतदान निर्णयाच्या आधी व्हावे, लावणी-कापणीचे दिवस सोडून व्हावे. आणि निकाल त्याच संध्याकाळी चावडीवर लागावा, वर जाऊन वरच राहू नये. गाव हो म्हणेल तर हो. मी हरलो तर मी ते कबूल करीन.

तात्या आता नाहीत. त्यांच्या पडीक खाचरात यंदा त्यांच्या मुलाने कडेकडेने थोडी नाचणी लावली होती. त्याला परवा एका एजंटाचा फोन आला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, विकू का?" मी त्याला नको म्हणालो नाही, तो अधिकार मी वीस वर्षांपूर्वी घालवून बसलो आहे. एवढेच म्हणालो, "खालच्या शेतवाल्यांना विचारलंस का?"

तो विचारायला गेला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी आपापल्या गावात ग्रामसभा असते. तुम्हीही जा. दोन तास बसा. आणि विषयपत्रिकेवर जमिनीचा विषय असेल, तर तहकूब होऊ देऊ नका.

(आकाशवाणीच्या सौजन्याने. संपादित)